वितीभर माती

या, जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढं सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. टाळ-मृदंग घटकाभर बाजूला राहू द्या. एका माणसाच्या मनात तीन वर्षं एक वाक्य अडकून बसलं होतं, ते बाहेर कसं आलं आणि आल्यावर कुणाला लागलं, एवढंच सांगतो. गोष्ट डाळजची आहे, पण सुरू होते बारामतीत, भिगवण रस्त्याच्या कडेला, एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीखाली.

सोपान त्या रस्त्यानं रोज लूनावर हायस्कुलात जाई. तिथं तो क्लार्क होता. फाल्गुनातली सकाळ, साडेदहाचा सुमार, डोक्यात मस्टर आणि दाखल्यांची थप्पी. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून घमेलं निसटलं आणि खडी स्लॅबवरून घसरत खाली आली. खर्रर्र असा आवाज झाला. सोपाननं ब्रेक दाबला. चार-दोन खडे पुढच्या चाकापाशी येऊन थांबले. लागलं काहीच नव्हतं, पण त्या आवाजानं त्याच्या दातांच्या मुळाशी कळ आली, वाळूचा कण चावल्यासारखी. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे, असं त्याला वाटलं. कुठला, ते आठवेना. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी एक बाई उतरून आली, डोक्यावर चुंबळ, पदर कमरेला खोचलेला, पापण्यांवर सिमेंट.

"लागलं न्हाय न्हवं?" असं म्हणता म्हणता ती थांबली. "अगं बया. सोपानभावजी."

"सारजावैनी? तुमी हितं?" शहरात पंधरा वर्षं घासून गुळगुळीत केलेली त्याची भाषा एका क्षणात डाळजला गेली.

"हितंच. दोन म्हैनं झालं. हे रातचं वॉचमन, मी दिसाची पाटी. नवरा-बायकू एकाच जाग्यावर नोकरीला. तुमच्या सायेबलोकांत तरी असतंय का असं?" ती हसली. हसताना तिनं पदर ओठांवर धरला.

"आन रान?"

विचारायचं नव्हतं, पण विचारून गेला.

"रान पडलंय," ती म्हणाली. घरातलं कुणी आजारी पडलंय हे ज्या सुरात सांगावं, त्याच सुरात. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. "ह्यांचा निरोप हाय तुमाला. रविवारी सकाळी गावाकडं या. खंडोबाच्या देवळात ट्रॅक्टरवाला दत्तोबा भंडारा उचलून शपथ घेणार हाय. त्याच्या लेकीचं लगीन ठरलंय, व्याही म्हणत्यात गावात तंटा नको. हे म्हणलं, मिटवू, पर भंडारा उचलून सांग की खोल नांगर तू तुझ्याच मनानं घातलास. कुणाच्या सांगण्यावरनं घातला असंल तर त्याचं नाव सांग. आन साक्षीला तुमी पायजे म्हणत्यात. ट्रॅक्टर तुमीच धाडला हुता न्हवं."

वरून मुकादमानं हाक मारली. सारजानं घमेलं उचललं आणि ती जिना चढून गेली. तिच्या पायांतल्या जुन्या टायरच्या चपला त्याला पायरीपायरीनं वर जाताना दिसत राहिल्या. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. सोपाननं लूना सुरू केली. आवाज कुठला ते त्याला आता आठवलं होतं.

दिवसभर तो दाखल्यांवर शिक्के मारत राहिला. जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याचे कारण. शिक्का नीट उमटत होता, हात नीट चालत होता, आणि हाताच्या पाठीमागं कुठंतरी तो चौदा वर्षांचा होऊन गेणबाच्या माळावर उभा होता. सारजाचा नवरा गेणबा आणि तो एकाच वर्गात, एकाच बाकावर. गेणबाच्या बापाला सगळे तात्या म्हणत. तात्यांनी एकदा दोघांच्या हातांत आळीपाळीनं नांगराची मूठ दिली होती. सोपानची पाळी आली तेव्हा त्यानं सगळा भार देऊन मूठ दाबली. घरच्या काळ्या रानात अशी दाबली की फाळ लोण्यात जावा तसा जाई. इथं चार पावलांवर खालून आवाज आला, खर्रर्र, आणि मूठ हिसकून त्याच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. तात्या धावत आले. मारलं नाही. खाली बसून त्यांनी नांगरानं पाडलेल्या तासात हात घातला आणि पिवळा मुरूम मुठीत घेऊन त्याला दाखवला. "वितीभर माती हाय हितं, पोरा. तिच्याखाली ह्यो झोपलाय. हिला निस्त्या गुदगुल्या करायच्या. ह्यो जागा झाला तर भाकर गेली." मग तो मुरूम त्यांनी परत तासात घातला, वर माती लोटली आणि पायानं हलकेच चेपली, एखाद्या पोराला झोपवावं तशी. सोपानला हे आठवत होतं. आता सगळं आठवत होतं. तेव्हा का आठवलं नाही, हाच तर प्रश्न होता.

तेव्हा म्हणजे चौऱ्याण्णवच्या वैशाखात. त्याची आई द्वारकाबाई बारामतीच्या दवाखान्यात होती, अंगावरून वारं गेलेलं. त्याच्या आधी, ज्वारी काढणीला आली तेव्हाही ती तिथंच होती, आणि मजुरांची टोळी मिळेना म्हणून सोपानची ज्वारी गेणबा-सारजानं चार दिवस राबून काढून दिली होती. डाळजला याला सावड म्हणतात. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. तिथं मजुरी नसते, फक्त आपली पाळी आली की जायचं असतं. सोपानची पाळी वैशाखात आली. गेणबाचा एक बैल पायानं अधू झाला होता आणि माळाची नांगरट खोळंबली होती. सोपानला रजा नव्हती. त्यानं दत्तोबाला ट्रॅक्टर घेऊन धाडलं. आपल्या जागी यंत्र. त्यात वाईट काय होतं? स्वतःचं तीन एकर काळं रान तो असंच तर करत होता. नांगरट दत्तोबाची, पेरणी दत्तोबाच्या यंत्रानं, कापणीला टोळी, मळणीला मशीन, आणि सोपानचं काम शाळेतल्या काळ्या फोनवरून हो किंवा नाही म्हणायचं. वर्षातून दोनदा तो बांधावर जाऊन उभा राही. पाटाच्या पाण्यावर रान हिरवंगार असे. शेजारच्या नोकरदारांची रानं पडून बाभळी माजल्या होत्या. त्याचं पडलं नव्हतं, याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. दत्तोबाचा ट्रॅक्टर नसता तर ते रानही केव्हाच पडलं असतं.

त्या दिवशी दुपारी भिगवणच्या बूथवरून दत्तोबाचा फोन आला होता. समोर हेडमास्तर मस्टरसाठी हात पुढं करून उभे होते. "सायेब, गेणबा म्हणून गेलाय वरवर मार. काय करू?" आणि सोपान म्हणाला होता, "अरे, माझ्याकडून आहे ते. हात राखू नको. खोल घाल, माझ्या रानात घालतोस तसा." एवढंच ते वाक्य. किती मोकळ्या मनानं म्हणाला होता तो. म्हणताना त्याला बरं वाटलं होतं, कुणाला पोटभर वाढल्यासारखं. गेणबा त्या वेळी रानात नव्हताच. द्वारकाबाईला बघायला भाकरी बांधून तो बारामतीला आला होता आणि दवाखान्याच्या कट्ट्यावर सोपानची वाट बघत बसला होता. संध्याकाळच्या एसटीनं तो परत गेला तेव्हा सगळा माळ पिवळा झाला होता. पहिल्या साली बाजरी बोटभर उगवून तशीच वाळली. दुसऱ्या साली तेवढीही आली नाही. कडबा नाही म्हणून बैल गेले. तिसऱ्या साली गेणबानं पेरलंच नाही. या तीन वर्षांत तो दत्तोबाशी बोलला नव्हता. दत्तोबा बसला असेल त्या पारावर तो बसत नसे. आणि सोपान गावी गेला की गेणबा त्याच्यापाशी दत्तोबालाच शिव्या देई. "सोपाना, तू चांगल्या मनानं धाडलास रं. पर त्या हलकटानं माझी मातीच पालथी केली." सोपान मान हलवी. हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. मान हलवणं ही एक जागा असते, माणूस तिथं तीन वर्षं राहू शकतो, हे त्याला कळलं होतं.

घरी त्यानं रश्मीला सांगितलं. बायकोला हे तो पहिल्यांदाच सांगत होता. ती भाजी निवडत होती. मेथीची जुडी तिनं तशीच मांडीवर धरून ठेवली.

"तुम्ही मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मग? आता सांगून माती परत खाली जाणार आहे? दत्तोबा मिटवतोय तर मिटू दे. बत्तीस वर्षांची दोस्ती आहे तुमची. ती कशाला घालवता?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. एकाच्या बॅटीची कड काँक्रीटवर घासली, आणि सोपाननं खिडकी लावून घेतली.

शनिवारी दुपारी दत्तोबा शाळेत आला. पांढरी टोपी, खिशात लग्नपत्रिकांचा गठ्ठा. शाळेसमोरच्या टपरीवर त्यानं बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत म्हणाला, "सायेब, तुमचा चेहरा उतरलाय. न इचारता बी कळतंय मला. भिऊ नका. मी उचलतो भंडारा."

"खोटा?"

"खोटा तर खोटा. ट्रॅक्टरवाल्यानं किती रानं उपसली, द्यावानं त्याचा हिशेब ठिवला तर त्याला दुसरं काम उरायचं न्हाय."

"तुझ्या घरात लग्न आहे, दत्तोबा."

बशी ओठांपाशी थांबली. तेवढ्यापुरता दत्तोबाचा थट्टेखोर चेहरा गळून पडला आणि खाली एका बापाचा चेहरा दिसला. मग त्यानं चहा पिऊन टाकला. "म्या शबूद दिल्याला हाय."

"मला कधी दिलास?"

"तुमाला न्हाय दिला," दत्तोबा म्हणाला, आणि पत्रिका हातात ठेवून उठला. "सहकुटुंब या."

कुणाला दिला, हे सोपाननं विचारलं नाही. विचारण्याची त्याला भीती वाटली. आपल्याबद्दल आणखी कुणाला काही ठाऊक आहे, हा विचार त्यानं मनाच्या दारातूनच परत पाठवला.

रविवारच्या पहिल्या एसटीत तो खिडकीशी बसला. भिगवणच्या पुढं धरणाचं पाणी मागं सरकलेलं दिसलं, उघड्या पडलेल्या गाळावर पांढरे पक्षी. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ आता वर येत असेल, असं कुणीतरी पुढच्या बाकावर म्हणालं. मनात तो वाक्यं जुळवत होता. गेणबा, एक सांगायचं होतं. गेणबा, त्या दिवशी असं झालं. गेणबा, तुला आठवतं का तात्या. कुठलंही वाक्य 'पण' आल्याशिवाय संपत नव्हतं. पण माझ्या मनात चांगलंच होतं. पण हेडमास्तर समोर उभे होते. पण आई दवाखान्यात होती. आईला पुढं करताना त्याला स्वतःची किळस आली. लहानपणी कीर्तनात बुवा सांगायचे, देवापुढं जाताना चपला बाहेर काढता तसं 'मी' बाहेर काढून ठेवा. चपला काढता येतात. हे कसं काढायचं? फाट्यावर उतरल्यावर गावाकडं न वळता तो आधी माळाकडं गेला. तीन वर्षांत तो तिकडं फिरकला नव्हता. बांधाच्या अलीकडं कुसळं, पलीकडं कुसळंही नाहीत. पिवळट ढेकळं उन्हात चकाकत होती आणि मधेमधे वेडी बाभूळ गुडघाभर वाढली होती, तिला मुरूम चालतो. वाकून त्यानं एक ढेकूळ उचललं. ते मातीसारखं फुटेना. मुठीत दाबलं, तर तळहातच दुखला.

देवळात आठ-दहा माणसं होती. खांबाला टेकून गेणबा बसला होता, दाढी वाढलेली, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट, खाली धोतर. सोपानला बघून त्याचा चेहरा उजळला. "आला का? ये, हितं बस." त्यानं आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. सोपान बसला. गेणबाचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला होता, शाळेतल्या बाकावर लागायचा तसा. समोर पितळी ताटात बेलाची पानं आणि भंडारा. पायरीवर बायका, त्यांच्यात सारजा. दत्तोबा टोपी काढून पुढं आला, आणि त्याचं टक्कल बघून कुणीतरी पुटपुटलं, "दत्तोबा, डोकं बी नांगरलंस व्हय?" सगळे हसले. गेणबाही हसला. तीन वर्षांनी दत्तोबाकडं बघून हसला. आता मिटेल, असं सगळ्यांना वाटलं. सोपानलाही वाटलं. गप्प बसलं तर खरंच मिटेल. गेणबा हसतोय. ह्या गुडघ्याची ऊब अशीच राहील. दत्तोबानं हात पुढं केला. बोटं भंडाऱ्यात बुडवली. नखं पिवळी झाली.

"मी दत्तोबा," तो म्हणाला, "खंडोबाच्या साक्षीनं सांगतो, की त्या दिशी नांगर म्या..."

"थांब," सोपान म्हणाला.

आवाज त्याचाच होता, पण बाहेरून आल्यासारखा वाटला. दत्तोबा थांबला. पायरीवर सारजा उभी राहिली.

"खोल घाल, असं मी सांगितलं होतं. फोनवरून. तो विचारत होता वरवर घालू का. मी म्हणालो, खोल घाल."

'पण' आला नाही. तो यायची वाट बघत सोपान क्षणभर थांबला, आणि तो आला नाही.

गेणबानं मान वळवली आणि बराच वेळ तो सोपानकडं बघत राहिला. रागानं नव्हे. रानातली हरवलेली खूण शोधताना माणूस बघतो, तसा.

"तू?" तो म्हणाला. "तू तर मूठ धरलीवती त्या रानात. तात्यानं दावलं हुतं तुला."

"हो."

"दत्तोबाला न्हवतं म्हाईत. त्यो परगावचा. तुला म्हाईत हुतं."

"हो."

त्याचा गुडघा बाजूला झाला. गेणबा उठला, खांबाला धरून. दत्तोबाच्या बोटांवरचा भंडारा त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसून काढला, लहान पोराचा हात पुसावा तसा. "लगनाला येतो," असं त्याला म्हणाला, आणि चपला न घालता बाहेर पडून माळाच्या वाटेनं चालू लागला. मागं कुणी गेलं नाही. सोपान बसून राहिला, आणि त्याला एक गोष्ट जाणवली, जिची नंतर आयुष्यभर त्याला लाज वाटली. त्याला बरं वाटत होतं. छातीवरची धोंड उतरली होती. श्वास पोटापर्यंत जात होता. फोनवर ते वाक्य म्हणताना वाटलं होतं, अगदी तसंच बरं.

माणसं पांगल्यावर सारजा त्याच्यासमोर आली. देवळाच्या आवारात उन्हं चढली होती. तिच्या एका हातात नवऱ्याच्या चपला होत्या.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

सोपानला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"त्याच दिशी. म्या ट्रॅक्टरम्होरं आडवी झाले तवा दत्तोबानंच सांगितलं, सायेबांचा हुकूम हाय. तवर समदं रान उलटं होत आल्यालं. म्या त्याला तिथंच शबूद घातला, ह्यास्नी सांगू नगंस. तीन वरसं त्यानं शिव्या खाल्ल्या माझ्यापायी."

"का वैनी?"

"का म्हंजी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रान गेलं तर पाटी हाय. पोटाला कुठं बी मिळतंय. पर ह्यास्नी तुमच्याबिगर कोन हाय? भाऊ न्हाय, पोरबाळ न्हाय. एकली दोस्ती हुती ती, म्हनलं एवडी तरी ऱ्हाऊ दे. मानूस कुनावर तरी राग धरूनच जगतंय, भावजी. दत्तोबावर धरला हुता, त्यो पेलत हुता त्यास्नी. ह्यो कसा पेलंल?" तिनं माळाच्या दिशेला पाहिलं. तिथं बांधावर खाकी शर्टाचा एक ठिपका बसलेला दिसत होता. "तुमी बोललात. चांगलं केलंत. द्यावाच्या दारात खोटं नगच. तुमी मोकळं झालात. आता माझ्या पदरात काय ऱ्हायलं, ते म्या बघते."

सोपानला तिच्या पायांना हात लावायचा होता. तो वाकला, तशी ती मागं सरकली. तिरस्कारानं नाही, घाई होती म्हणून. चपला पोटाशी धरून ती माळाकडं निघाली. ढेकळांतून चालताना ती दोनदा अडखळली. बांधाशी पोचल्यावर तिनं चपला गेणबाच्या पायांपाशी नीट जोडून ठेवल्या आणि शेजारी बसली, मधे हातभर अंतर ठेवून. सोपान फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होता तोवर ती दोघं तशीच बसलेली त्याला दिसत राहिली.

गेणबा आठ दिवसांनी कामावर परत आला. सोपानचं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. ते आठ दिवस वॉचमनची जागा जाऊ नये म्हणून दिवसाची पाटी करून रात्रीही इमारतीपाशी सारजाच काठी घेऊन बसली. माळ अजून पडलेलाच आहे. सोपानचं काळं रान हिरवं आहे.

मायबाप, देवाधर्माच्या गोष्टींत आपण खरं बोलणाऱ्याला हात जोडतो, आणि जोडावेतच. माझी एवढीच विनवणी आहे, की ते हात खाली घेण्याआधी एक नाव मनात आणा. डाळजची सारजा, गेणबाची बायको. खरं काय ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि नवऱ्याचं एक माणूस शाबूत राहावं म्हणून ते तिनं तीन वर्षं भाकरीबरोबर गिळलं. तिची आठवण ठेवा.